नाताळचा पहिला पाहुणा

राजा बुदिवोय एकोणीस वर्षं गादीवर होता. ती मिळवायला त्यानं दोन्ही धाकट्या भावांना शेजारच्या बल्गारांच्या हवाली केलं होतं. गोयस्लाव तिथंच मेला. तापानं, असं राजानं जाहीर केलं. दुसरा, देसिमीर, नाताळच्या सकाळी एकटाच, बिनहत्यारी, राजाच्या रास गडावर आला.

त्या दिवशी घरात पहिलं पाऊल टाकणारा पाहुणा वर्षाचं नशीब आणतो. म्हणून राजानं गरीब स्वभावाच्या म्हाताऱ्या ह्रानिस्लावला सगळ्यांत आधी यायला सांगून ठेवलं होतं आणि दार उघडं ठेवलं होतं. म्हातारा बर्फात अडकला. देसिमीर आत शिरला, आणि राणीनं न बघताच रिवाजाप्रमाणे पहिल्या पाहुण्याचे गहू त्याच्यावर उधळले. आता दिवस मावळेपर्यंत त्याला कुणी बोट लावू शकत नव्हतं. सणाला जमलेले सहा सरदार बघत होते.

"काय दादा, गादी मऊ आहे ना?"

"तुला तिकडंच ठेवायला बल्गारांना ऐंशी कातडी पाठवली होती मी."

"माल परत आला समज."

देसिमीरनं पहिल्या पाहुण्यासाठी चुलीपाशी ठेवलेली काठी उचलून चुलीतल्या ओकच्या ओंडक्यावर हाणली. ठिणग्या उडाल्या. जितक्या ठिणग्या तितकी गुरं, तितकी पोरं, एवढा आशीर्वाद आता पाहुण्यानं द्यायचा होता. त्यानं तो दिला नाही.

गेली दोन वर्षं पीक बुडालं होतं. सरदार चुळबुळले. अशा राजाच्या मागं तिसरं वर्ष कोण काढणार?

"बोल की लेका!" बुदिवोय ओरडला.

"गोयस्लाव कसा मेला ते आधी तू बोल. तापाचं औषध किती कातड्यांना पडलं?"

राजानं चुलीतली लोखंडी सळई उचलली आणि त्याच्या तोंडावर मारली. जमिनीवर पसरलेल्या गवतावर रक्त सांडलं.

"अहो, पाहुणा आहे तो!" राणी किंचाळली.

सगळ्यात थोरला सरदार प्रिबिल उठला. "आम्ही निघतो, राजे."

"जेवून जा."

"या घरात? नको."

देसिमीर गाल दाबून उंबऱ्यापर्यंत गेला आणि सरदारांकडे वळला. "जितक्या ठिणग्या, तितकी गुरं तुमच्या गोठ्यांत," तो म्हणाला. सहाही जण त्याच्या मागोमाग गड उतरले.

थोड्या वेळानं ह्रानिस्लाव धापा टाकत आला. "उशीर झाला, राजे." त्यानं काठी उचलली, रिकामे बाक पाहिले, गवताकडे पाहिलं, आणि काठी जिथल्या तिथं ठेवून दिली.