फिरत्या टेबलावरचा मासा

मासा तिसऱ्यांदा समोरून गेला तेव्हा फ्यूजला वाटलं, हा आपल्याकडे बघून डोळा मारतोय.

आख्खाच्या आख्खा मासा होता. अंगावर आल्याचे काप पांघरून, वाफा सोडत पडलेला. टेबलाच्या मधोमध काचेची गोल चकती, बोटाने ढकलली की फिरणारी. भाऊजी ढकलत होते. मासा अण्णांसमोर यायचा, रस्त्यात ओळखीचा कुणी दिसावा तशी अण्णा मान हलवायचे आणि मासा ताईकडे जायचा. ताईकडून फ्यूजकडे, फ्यूजकडून परत भाऊजींकडे. तपासणीला आलेला साहेबसुद्धा एवढ्या फेऱ्या मारत नाही.

"घ्या ना," ताई म्हणाली.

"तू घे."

"आधी अण्णा."

"मला नंतर," अण्णा म्हणाले.

"भाऊजी, जावयापासून सुरुवात करा," फ्यूज म्हणाला.

"छे छे, मी फोटो काढतोय."

चौथ्या फेरीला वाफा संपल्या.

आता कुणी म्हणेल, चार घोड्याएवढी माणसं, हात धडधाकट, मग घोडं अडलं कुठे? तर अडलं होतं ते इथे, की या घरात आजवर कुणी स्वतःच्या हाताने वाढून घेतलंच नव्हतं. आई घेऊच देत नव्हती. कुणी पळीला बोट जरी लावलं तरी "हात मागे!" असा आवाज यायचा, की बस चालवण्यात जन्म घालवलेले अण्णासुद्धा ब्रेक मारायचे. कुणाला किती भूक आहे हे त्या माणसाच्या आधी आईला कळायचं. ताईचं सासर मागच्याच गल्लीत, त्यामुळे तिच्या घरी डबा आईचा. भाऊजी लग्नाच्या वेळी बरे स्वावलंबी होते म्हणतात, पण वर्षभरात तेही बिघडले.

हिवाळ्यात आई गेली. तेव्हापासून बाहेरून डबे यायचे, ज्याचा त्याचा वेगळा. झाकण काढलं की झालं ताट. म्हणून इतके महिने कुणाच्या लक्षातच आलं नाही, की आपल्याला वाढता येत नाही. ते कळायला विमानात बसून एवढ्या मोठ्या शहरात यावं लागलं.

हे शहर आईने शोधलेलं. सगळं आवरलं की ती फोनवर इथले खाण्याचे व्हिडिओ बघत बसायची. मजल्यावर मजले नुसत्या हॉटेलांचे, काचेच्या टाक्यांत पोहणारे मासे, फुटपाथवर प्लास्टिकची स्टुलं टाकून सूप भुरकणारी माणसं. "एकदा तिथे जायचं," ती म्हणायची, "आणि मी नुसती बसून खाणार. वाढू दे कुणाला वाढायचं ते." सगळे हसायचे. सगळ्यात मोठ्याने फ्यूज.

फ्यूज म्हणजे अण्णांचा धाकटा. लहानपणी ताई अभ्यासाला बसली की हा घरचा फ्यूज काढून लपवायचा, म्हणून ते नाव. आता पन्नाशीला टेकला होता, मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं, पण खोड काही गेली नव्हती. गल्लीत कुणाच्या स्कूटरची सीट उलटी बसली की लोक आधी त्याच्या दुकानात डोकावायचे.

आई गेल्यावरही तो थट्टा करतच होता. लोक हसतच होते. फक्त आत काही होत नव्हतं. दुकानात असा एखादा मिक्सर येतो. बटण दाबलं की मोटर झकास घुमते, आवाज कुठे चुकत नाही, पण मोटर पात्याला जोडणारं खालचं कपलर तुटलेलं. पातं जागचं हलत नाही, आणि भांड्यात घातलेलं तसंच्या तसं. फ्यूजला आपलं दुखणं बरोबर ठाऊक होतं. सुटा भाग कुठे मिळतो तेवढं ठाऊक नव्हतं.

हॉटेलच्या दारातल्या माशांच्या टाकीपाशी ताईने त्याला गाठलं.

"अण्णांचा पट्टा बघितलास? भोकं संपली. खिळ्याने नवीन पाडलंय."

"बघितलं."

"चहा आणि टोस्ट, टोस्ट आणि चहा. डॉक्टर म्हणाले, पोट ठणठणीत आहे, माणूसच जेवायचं विसरलाय. परत गेल्यावरही हेच राहिलं तर भरती करून नाकात नळी घालणार आहेत." ताई टाकीतल्या माशाकडे बघत बोलत होती. शाळेत गणित शिकवते ती, वर्गात रडायचं नाही ही सवय. "तू काहीतरी कर ना."

"मी काय करू? मी मिक्सरवाला."

"हसव त्यांना. एरवी तुला गप्प बसवताना नाकी नऊ येतात!"

मग फ्यूज कामाला लागला. जेवायच्या दोन काड्या वरच्या ओठाखाली खोचून सुळे केले. शेजारच्या टेबलावरची बाई हसताना सूप सांडून बसली. भाऊजींच्या फोनचा कॅमेरा उलटा करून ठेवला, त्यामुळे खेकड्याच्या जागी भाऊजींच्या नाकपुड्यांचे फोटो निघाले. ताई डोळे पुसेपर्यंत हसली. अण्णांनी सगळं नीट बघितलं आणि म्हणाले, "छान." परक्याच्या पोराचा निकाल ऐकल्यासारखं.

तीन दिवस असेच गेले. भाजलेलं, तळलेलं, वाफवलेलं सगळं समोरून फिरून गेलं. ताईने हॉटेलात एकदा वाढायला घेतलं, पण अण्णा ताटावर हात ठेवून म्हणाले, "राहू दे गं." पुन्हा कुणी धजलं नाही. हळूहळू आपापलं चिमूटभर उचलायला शिकले तिघं. अण्णा चहा मागवायचे.

शेवटच्या दुपारी पाचव्या मजल्यावरच्या एका गजबजलेल्या जागी बसले. पुन्हा गोल टेबल. मोठं भांडं भरून दाट सूप आलं, त्यात कणकेचे मऊ गोळे. भाऊजींनी सवयीने चकती ढकलली. भांडं निघालं फेरीला.

वाढणारी एक ठेंगणी, पिकल्या केसांची बाई बराच वेळ लांबून बघत होती. तिच्याने राहवेना. येऊन तिने चकतीवर थाप मारून ती थांबवली, आपल्या भाषेत चौघांची खरडपट्टी काढली आणि सगळ्यात जवळ होता त्या फ्यूजचा वाडगा काठोकाठ भरला. तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली. पळी भांड्यात टाकून ती गेली.

आता एकट्या फ्यूजपुढे वाढलेलं. बाकी तिघं त्याच्याकडे बघतायत.

त्याने चमचा उचलला. आणि तोंडातून निघून गेलं, "खारट झालंय."

चव घेतलीच नव्हती. ही त्याची घरातली सगळ्यात जुनी खोडी. आईने ताट पुढे ठेवलं, की घास तोंडात जायच्या आधी ओरडायचं, खारट झालंय! आई हातातलं काम टाकून धावत यायची, त्याच्या ताटातला घास खायची आणि म्हणायची, "कुठे? बरोबर तर आहे." दर वेळी फसायची. या वेळी मात्र त्याने खोडी म्हणून केलं नव्हतं. ताट आलं की जीभ तेच बोलायची, एवढंच.

ताईने डोळे वटारले. भाऊजींनी फोन खाली ठेवला.

"बघू," अण्णा म्हणाले. वाडगा आपल्याकडे ओढला, फ्यूजच्याच हातातला चमचा काढून घेतला आणि सूप तोंडात घातलं. थोडा वेळ घोळवलं. "खारट कुठंय? चक्क अळणी आहे."

दुसरा चमचा घेतला. मग एक गोळा.

"न चाखता बोललास ना, गाढवा?"

"हो."

"ओळखलं मी. तीही ओळखायची."

"आई? ती तर दर वेळी फसायची."

"कसली फसतेय! पहिल्या दिवसापासून माहीत होतं तिला." अण्णा गोळा चावत होते. "म्हणायची, पोरगं मुद्दाम करतं. सगळ्यांचं होईपर्यंत मला गारच खावं लागतं ना. त्याच्यामुळे एक घास तरी गरम मिळतो."

तसं काही नव्हतं. ती पदर सावरत धावत यायची ती गंमत बघायला फ्यूज ओरडायचा, दुसरं काही त्याच्या मनातही नव्हतं. त्याने आत टेस्टर लावून बघितला. दिवा लागला नाही.

"हो," तो म्हणाला. "त्याच्यासाठीच."

ताईने तोंड फिरवून भिंतीकडे केलं. भाऊजींना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी भांड्यातल्या पळीला हात घातला.

"हात मागे!" अण्णा कडाडले.

भाऊजींचा हात चटका बसल्यासारखा मागे आला. अण्णांनी स्वतः पळी उचलली. उभं राहून वाढायला लागले, स्टिअरिंग धरल्यासारखी पळी घट्ट धरून. अर्धं वाडग्यात, अर्धं टेबलावर. ताईला गोळेच गोळे, भाऊजींना नुसतं पाणी.

"अण्णा, बसून वाढा ना," ताई म्हणाली.

"बसून कुणाला वाढता येतं का?" अण्णा म्हणाले आणि फ्यूजच्या वाडग्यातला उरलेला शेवटचा गोळा आधी आपल्या तोंडात टाकून मग वाडगा पुन्हा भरला. "खा. आणि आता बोलायचं ते चाखून बोल."

फ्यूजने मोठा घोट घेतला. खारट की अळणी, काही कळलं नाही. गरम होतं. जीभ चांगलीच भाजली, आणि मग कितीतरी वेळ तो ती भाजलेली जागा दातांवर घासत बसला.