तानुबाईनं मला तेल घातलं

मी सायकल. बावीस इंची, काळी, मागं भरभक्कम कॅरिअर असलेली. आमच्या जातीला घंटी असते, तोंड नसतं. एका सकाळी मात्र मला तोंड असायला हवं होतं असं फार वाटलं. त्या सकाळची हकीकत पोटात ठेवून ठेवून मी गंजले. आज सांगून टाकते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. जन्म कुणाला आठवतो? पहिली आठवण आहे ती परभणीच्या एका दुकानाची, तिथल्या दोरीवर टांगलेल्या ट्यूबांच्या वासाची. तिथून चंद्रभाननं मला नेलं, एसटीच्या टपावर बांधून जिंतूरला, आणि पुढं स्वतः चालवत आपल्या गावी. गाव येलदरी धरणाच्या अलीकडचं, पूर्णेच्या काठावरचं. चंद्रभानची थोडी शेती, दोन म्हशी आणि घरात आई, तानुबाई. रोज सकाळी दुधाच्या किटल्या माझ्या कॅरिअरला अडकवायच्या आणि धरणाच्या कॉलनीत दूध घालून यायचं, हे आमचं काम. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची ती वर्षं. कधी बंद पुकारला जाई, एसटी दोन-दोन दिवस फिरकत नसे. पण कॉलनीतला चहा आमच्यामुळं कधी अडला नाही. याचा मला तोरा होता, खोटं कशाला बोलू?

माझ्यात सगळ्यात चांगलं काय होतं सांगू? ब्रेक. सळईचे ब्रेक. हँडलाखालची मूठ दाबली की सळई ओढली जाते आणि रबराचे तुकडे चाकाच्या रिमला आतून घट्ट धरतात. कोरडी रिम, कोरडं रबर. माणसाचा जीव एवढ्यावर असतो.

आणि चंद्रभान ब्रेक दाबायचा, बाई! उतार दिसायच्या आधी दाबायचा. जरा जास्त उतार असला की खाली उतरायचा आणि मला हातात धरून चालवत न्यायचा. गावानं त्याचं नाव ‘बिरेकवाला’ ठेवलं होतं. हसणाऱ्यांना कारण ठाऊक होतं, तरी हसायचे. गावाशेजारी नीळकंठाची टेकडी आहे. चंद्रभान लहान असताना त्याचे वडील किशनराव टेकडीवरच्या देवळाला चुना पोचवून बैलगाडीनं उतरत होते. तिसऱ्या वळणावर गाडीचा आस मोडला आणि गाडी कड्यावरून खाली गेली. आस कोरडा होता, तापून मोडला, असं लोक म्हणाले. तेव्हापासून तानुबाई त्या टेकडीकडं पाठ करून बसायची.

महालिंग नावाचा एक किराणा दुकानदार होता, चंद्रभानच्याच वयाचा. दोन वर्षांपासून गावच्या तरुण मंडळानं महाशिवरात्रीच्या जत्रेत एक खूळ काढलं होतं. देवळापासून खाली मारुतीच्या पटांगणापर्यंत, त्या दगडगोट्यांच्या गाडीवाटेनं सायकलींची शर्यत. पाय जमिनीला टेकला की बाद. पहिल्या वर्षी महालिंग जिंकला आणि त्याच्या बोलण्याला धार आली. एकदा दुकानासमोर चारचौघांत तो म्हणाला, “चंद्रभान, तू उतरणीला सायकल हातानं धरून नेतूस. मग सायकल कामून घेतलीस? बकरी घ्यायची, दूध बी देती.”

सगळे खो खो हसले. चंद्रभानही हसला. पण घरी येताना त्यानं माझी मूठ इतकी आवळली होती की मला कळलं, आज काहीतरी बिनसलं. दुसऱ्या दिवशी त्यानं शर्यतीत नाव दिलं.

तानुबाई चार दिवस बोलली नाही. भाकरी वाढायची आणि चुलीकडं तोंड करून बसायची. पाचव्या दिवशी म्हणाली, “जायचंच हाय तर जा. पर मला इचारून न्हाई गेलास, सांगून गेलास, एवढं ध्यानात ठिव.”

महाशिवरात्रीची सकाळ उजाडली. चंद्रभान नदीवर आंघोळीला गेला. तानुबाई हातात वाटी घेऊन माझ्याजवळ आली. वाटीत करडीचं तेल, घाण्यावरून आणलेलं, दाट. मला वाटलं, साखळीला घालेल. बरं वाटलं. तिनं आधी माझ्या हँडलाला कुंकू लावलं. मग खाली बसली आणि माझ्याशीच बोलायला लागली.

“त्या दिशी आसाला तेल न्हवतं गं बाई. घरात होतं. पर सण तोंडावर आलता, तळणाला लागंल म्हणून मी झाकून ठिवलं. मालक म्हनले, असू दे, आल्यावर घालतो.” तिनं पदरानं डोळे पुसले. “आज म्या काय बी कोरडं ठिवणार न्हाई.”

आणि तिनं खरंच काही कोरडं ठेवलं नाही. चाकाच्या मध्यभागी तेल सोडलं, चाक फिरवलं, तारांवरून ओघळ रिमवर आले. बैलगाडीवर जन्म गेलेली बाई ती. चाक म्हणजे तेल, एवढं तिला पक्कं ठाऊक. तिनं तळव्यावर तेल घेऊन माझ्या दोन्ही रिमा आतून-बाहेरून चोळल्या, पोराच्या डोक्याला चोळावं तशा मायेनं. शेवटी तिचं लक्ष ब्रेकच्या रबरांकडं गेलं. “ही बी लय सुकलीत की,” म्हणाली, आणि एकेका रबराला बोटानं तेल पाजलं.

मी काय करणार? ओरडावंसं वाटत होतं, अगं माय, तिथं नको! तिथं सोडून कुठंही घाल! पण घंटी वाजवायलाही कुणाचा तरी अंगठा लागतो.

चंद्रभान आला. माझ्याकडं पाहून म्हणाला, “माय, धुतलीस व्हय?” ती नुसती हसली. त्यानं हवा बघितली, दोन्ही मुठी दाबून बघितल्या. मुठी नेहमीसारख्या ताठ लागल्या. मुठीला काय कळतं, रबराखाली काय आहे ते? मग आम्ही निघालो. घरापासून देवळापर्यंत सगळी चढण. तो मला ढकलत नेत होता, ब्रेकला हात लावायची वेळच आली नाही. वाटेवर धूळ उडत होती. मला एकच आशा, धूळ बसेल, तेल शोषून घेईल. धूळ बसली खरी, पण त्या दाट तेलात मिसळून तिचा चिखल झाला आणि मी आणखी निसरडी झाले.

वर आठ-दहा सायकली उभ्या होत्या. महालिंग आपल्या नव्या सायकलीवर बसून पान चघळत होता. “आज लय चमकायली की बकरी!” म्हणाला. चंद्रभाननं मला रांगेच्या टोकाला नेऊन उभं केलं. त्याच्या तळव्यांना घाम आला होता, माझ्या मुठी ओल्या झाल्या होत्या.

पंच होते बन्सीधर गुरुजी. त्यांनी रुमाल खाली टाकला. डफडं कडाडलं आणि आम्ही सुटलो.

पहिला उतार तसा सौम्य आहे. चंद्रभान सगळ्यांत मागं. सवयीप्रमाणं त्यानं वळण दिसताच मूठ दाबली. रबर रिमवरून सटकलं, ओल्या हातातून साबणाची वडी सटकावी तसं. त्यानं पुन्हा दाबली, दोन्ही हातांनी, जोर लावून. काही नाही. तो वाकून खाली बघायला लागला. सळई जागेवर, रबर जागेवर. त्याला काही उमगेना.

अजून वेळ होता. अजून पाय टेकता आला असता. खरचटलं असतं, चप्पल तुटली असती, बाद झाला असता आणि जिवंत घरी गेला असता. टेक, चंद्रभान, टेक पाय! त्याचा उजवा पाय पायडलावरून उचललाही गेला. पण वळणावर उभी असलेली पोरं ओरडली, “बिरेकवाला उतरायलाय! बिरेकवाला उतरायलाय!” पाय पुन्हा पायडलावर आला. चार पोरांची थट्टा, पण माणूस तिच्यापायी जीव टांगणीला लावतो. हे मी आयुष्यभर पाहिलं आणि मला कधी समजलं नाही.

त्यानंतर वेळ उरला नाही. उतार एकदम कोसळला. दगड माझ्या चाकांखालून उडायला लागले, मडगार्ड खडखडायला लागलं, साखळी डब्यावर आपटायला लागली. दुसऱ्या वळणापर्यंत आम्ही बाकीच्या सगळ्यांना मागं टाकलं. ते ब्रेक दाबत होते. आम्ही काय दाबणार? पुढं फक्त महालिंग उरला आणि पुढं ते तिसरं वळण.

महालिंगनं वळणाआधी ब्रेक दाबले, त्याची सायकल कड्याच्या बाजूला सरकली. डोंगराकडच्या बाजूला हातभर जागा होती. चंद्रभाननं त्या जागेत मला घातलं. त्याचा खांदा दरडीला घासला, सदरा फाटला. खाली उजवीकडं तो कडा. चंद्रभान तिकडं बघत नव्हता, पण त्याच्या तोंडून एक शब्द निघाला, “बा!” माझं मागचं चाक घसरलं, कडेच्या मुरमावर गेलं, लोंबकळलं म्हणा ना. त्यानं सगळं अंग आतल्या बाजूला टाकलं. मी परत वाटेवर आले. कशी आले ते मला विचारू नका.

खाली पटांगण दिसायला लागलं. फक्कीची पांढरी रेघ आणि तिच्या पलीकडं माणसंच माणसं. आम्ही रेघ ओलांडली, सगळ्यांत पहिले, आणि तसेच पुढं. चंद्रभान ओरडत होता, “सरका! सरका! बिरेक न्हाई!” पण डफडं इतकं वाजत होतं की लोकांना वाटलं, गडी जिंकून आरोळ्या ठोकायलाय. ते बाजूला व्हायचं सोडून त्याला खांद्यावर घ्यायला पुढं धावले. आणि त्या सगळ्यांच्या पुढं, हातात आरतीचं ताट घेऊन तानुबाई. टेकडीकडं तोंड करून उभी.

आम्ही सरळ तिच्यावर चाललो होतो. तिचा चेहरा मला अजून दिसतो. ती हसत होती.

चंद्रभाननं हँडल डावीकडं हिसकलं. बांध आला, आम्ही उडालो आणि पलीकडच्या करडीच्या उभ्या पिकात जाऊन पडलो. ज्यांनी वाळलेली करडी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. काट्यांचं अंथरूण ते. माझं पुढचं चाक वाकलं, हँडल फिरलं. चंद्रभान काट्यांत पालथा पडला होता आणि हलत नव्हता. मग हलला.

सगळ्यांत आधी पोचला महालिंग. त्यानं चंद्रभानला बसतं केलं, मग मला उचलायला रिमला हात घातला. हात निसटला. त्यानं तळवा पाहिला, वास घेतला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “चंद्रभान, अरे हे तेल... बिरेकच्या रबराला तेल! कुन्या हरामखोरानं—”

चंद्रभाननं रिमवरून बोट फिरवून नाकाशी नेलं. घरच्या तेलाचा वास माणूस चुकत नाही.

तेवढ्यात तानुबाई बांध ओलांडून धापा टाकत आली. “लागलं का रे लेकरा? बगू? मोडलं तर न्हाई काई?” सगळं अंग चाचपून झालं, हातपाय शाबूत आहेत याची खात्री झाली, तेव्हा ती खाली बसली आणि रडत रडत हसायला लागली. “पर आलास का न्हाई खाली? त्या वळणावरून आलास! म्या सकाळीच तेल घातलं, समद्या चाकाला. त्या दिशी ऱ्हायलं होतं बग, ते आज घातलं.”

महालिंगचं तोंड उघडं होतं. एक वाक्य बोलायचा अवकाश, ती बाई तिथंच संपली असती. नवरा तेल न घातल्यामुळं गेला आणि पोरगा तेल घातल्यामुळं जाता जाता राहिला, हे ऐकून कोण आई पुन्हा भाकरीचा तुकडा मोडेल? चंद्रभाननं महालिंगचं मनगट धरलं. घट्ट धरलं.

“माय,” तो म्हणाला, “तुझ्या तेलानंच आलो.”

महालिंगनं तेलकट तळवा मिटला. “हौ मावशी. लय चांगलं तेल हाय.”

“मग तुझ्या बी सायकलीला लावते की पुढच्या साली!”

“नको, नको मावशी!” महालिंग दोन पावलं मागं सरला. “तुमच्या हातचं तुमच्या लेकालाच ऱ्हाऊ द्या.”

शर्यतीत चंद्रभान परत कधी उतरला नाही. बिरेकवाला हे नाव मात्र गेलं. संध्याकाळी तानुबाई दिव्याजवळ बसून त्याच्या पाठीतले काटे काढत होती आणि प्रत्येक काट्याला तेलाचं कौतुक ऐकवत होती.

आणि मग रोजचं झालं. रोज सकाळी ती वाटी घेऊन यायची आणि माझ्या रिमांना, रबरांना तेल चोळायची. रोज चंद्रभान गप्प उभा राहून बघायचा. मग किटल्या अडकवून मला हातानं गल्लीच्या वळणापर्यंत न्यायचा. घर दिसेनासं झालं की बसायचा, पिशवीतून चुलीची राख काढायचा आणि रिमा, रबरं खसाखसा पुसायचा. फडक्याला तेल लागायचं बंद झालं की मगच स्वार व्हायचा. एकदा महालिंगनं त्याला तसं पाहिलं. सायकलीवरून उतरला आणि पुसून होईपर्यंत माझं हँडल धरून उभा राहिला.

वर्षं गेली. तानुबाईचा हात थरथरायला लागला, तेल निम्मं जमिनीवर सांडायला लागलं. तरी राख पिशवीत असायचीच.

नामांतर झालं त्या वर्षीच्या थंडीत ती गेली. दिवसकार्य आटोपल्यावर चंद्रभाननं पुन्हा किटल्या अडकवल्या. गल्लीच्या वळणावर आला, बसला, राख काढली आणि पुसायला लागला. पुढचं चाक पुसलं. मागचं पुसलं. मग त्याचं फडक्याकडं लक्ष गेलं. त्याला नुसती राख लागली होती. तो तिथंच मांडी घालून बसला आणि गुडघ्यात तोंड घालून रडला. त्या दिवशी कॉलनीत दूध उशिरा गेलं. कुणी रागावलं असेल तर असो.

आता त्यानं लुना घेतली आहे. मी गोठ्यात भिंतीला टेकून असते, म्हशी माझ्या सीटला अंग घासतात. माझं काही मागणं नाही. भंगारात द्या, नाहीतर राहू द्या. तुम्हाला मात्र एक सांगते. तुमच्या घरीही कुणीतरी मायेनं भलत्या जागी तेल घालत असेल. त्यांच्यावर ओरडू नका. वळणाआड जा, नीट पुसा आणि मगच उताराला लागा.