हुडकेश्वरचं हिमयुग

मे महिन्यातला तिसरा रविवार. सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी नागपूरच्या हुडकेश्वरमध्ये कृष्णकांत ढोबळे यांच्या हॉलमध्ये जमिनीवर ठेवलेला दिवा विझला. कुणी फुंकर घातली नव्हती. पंखा बंद होता. तीन मिनिटांनी पाटावरचा दिवा विझला. टेबलावरचा जळत राहिला.

"अग्नीनं हार मानली," हिमानंद महाराज म्हणाले. "हिमयुग उतरलं."

बाहेर पारा सेहेचाळीसवर. आत खुर्च्यांवर तीस माणसं आणि त्यांच्या पायांशी गुडघाभर पांढरं धुकं. त्या धुक्यात एका चटईवर वामनराव उताणे झोपवलेले होते. वय अडुसष्ट, निवृत्त कारकून, राहणार प्रताप नगर. फुप्फुसं बारा वर्षांपासून निकामी होत आलेली. त्यांचं ऑक्सिजनचं यंत्र महाराजांच्या आज्ञेवरून घरीच ठेवलं होतं.

"बीस हजार साल पहले हे नागपूर बर्फाखाली होतं," महाराज सांगत होते. "तेव्हा दवाखाना होता का? नव्हता. काहून? बीमारीच नव्हती. त्या बर्फाचा आखरी साठा सातपुड्याच्या गुहेत आहे, अन् गुहेचा पत्ता फक्त मले माहीत. हा बर्फ पाणी होत नाही. आदमीतला रोग घेऊन थेट आकाशात जाते."

दवाखाने नव्हते म्हणून आजार नव्हते, हा युक्तिवाद बँकेतून आणि शाळेतून निवृत्त झालेल्या मंडळींनी माना डोलावत ऐकला. मग महाराजांनी 'भागीरथी', म्हणजे गरम पाणी, मागवली. ती कृष्णकांतांच्या गॅसवर तापलेल्या पातेल्यातून आली. परातीतल्या त्या बर्फाच्या ढेकळांवर ती ओतताच धुकं उसळलं आणि साठ हात जोडले गेले.

कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवायची, हे नागपुरात शेंबड्या पोरालाही कळतं. इथे तीस शहाण्यांनी कूलर बंद करून खिडक्यांना खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ओल्या ताट्या लावल्या होत्या आणि फटींत टॉवेल कोंबले होते. हिमयुग बाहेर सांडू नये म्हणून.

बारा वाजता वामनरावांच्या पत्नी शोभाताई खुर्चीतून वाकल्या. "महाराज, हे बोलून नाही राहिले."

"समाधी लागून राहिली, माय. हात नको लावू."

पाच मिनिटांनी वामनरावांची मुलगी अबोली आत शिरली. ती कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. पेपर तपासून घरी परतली, तेव्हा वडील जागेवर नव्हते आणि यंत्र कोपऱ्यात बंद करून ठेवलेलं होतं. महाराजांची बैठक कुठे भरते हे तिला ठाऊक होतं. तिने आल्या आल्या ताटी ओढून पाडली.

"आई, पाय धर बाबांचे."

"समाधी मोडशील वं," कृष्णकांत म्हणाले.

"काका, समाधीत ओठ निळे नाही पडत. दार उघडा."

वामनरावांना अंगणात आणलं तेव्हा महाराज स्वयंपाकघराच्या दाराने निघून गेले होते. गुहेचा पत्ता माहीत असलेला माणूस मागचं दारही बरोबर शोधतो.

रुग्णालयात डॉ. प्रमोदिनी यांनी कारण एका वाक्यात सांगितलं. "आधीच दुबळी फुप्फुसं, त्यात खाली साचलेला कार्बन डायऑक्साइड, अन् यांना झोपवलं नेमकं त्यातच."

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर शोभाताई अबोलीजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "तूच सांगितलं होतं ना वं, इथं बर्फ होता म्हणून."

ते खरं होतं. दोन वर्षांपूर्वी अबोलीने वडिलांना चंद्रपूरजवळ इरई नदीच्या पात्रात नेलं होतं. हिमनदीने घासत नेलेल्या दगडांचे ओरखडे तिथल्या खडकावर आजही दिसतात. वामनरावांनी त्यांवरून बोट फिरवलं होतं. पुढे ही हकिकत त्यांनी महाराजांना अभिमानाने ऐकवली आणि आठवड्याभरात ती प्रवचनात आली.

"तीस कोटी वर्षांपूर्वीचं सांगितलं होतं मी, आई. तेव्हा हा भूभाग दक्षिण ध्रुवाजवळ होता."

"आम्हाले वीस हजार काय अन् तीस कोटी काय, सारखंच."

महाराजांचं सगळं दुकान या 'सारखंच'वर चाललं होतं.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत हुडकेश्वरमध्ये नवी बातमी पसरली: पोरीने ताटी पाडली, हिमयुग भंगलं, म्हणून बाप अंथरुणाला खिळला. अबोली एक बादली पाणी आणि थर्माकोलची पेटी घेऊन कृष्णकांतांच्या अंगणात गेली. पेटीतलं ढेकूळ तिने प्रताप नगरातल्या आइस्क्रीमवाल्याकडून आणलं होतं.

तिने आधी घरच्या फ्रिजमधला बर्फ बादलीत टाकला. तो तरंगला. मग चिमट्याने ढेकूळ टाकलं. ते बुडालं, आणि बादलीवरून तेच पांढरं धुकं ओघळलं.

"हिमनदीचा असो की फ्रिजचा, बर्फ तरंगतो," ती म्हणाली. "हा सुका बर्फ आहे, ड्राय आइस. गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. बुटीबोरीच्या कारखान्यांत माल थंड ठेवायला वापरतात. त्याचं पाणी होत नाही, थेट वायू होतो. हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. खालचा दिवा आधी विझला तो त्यामुळे. अन् वीस हजार वर्षांपूर्वी हिमालयातल्या हिमनद्या मोठ्या होत्या, उत्तर युरोप बर्फाखाली होता. नागपूर नव्हतं. इथे हवा आजच्यापेक्षा थोडी थंड आणि कोरडी होती, बस."

कृष्णकांत म्हणाले, "ते ठीक आहे, पण महाराजांत काही तरी पॉवर होतीच."

"होती ना, काका. तुम्ही बंद केलेल्या खिडक्यांची."

महाराजांचं खरं नाव मोहित. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तो एका आइस्क्रीम एजन्सीत माल पोहोचवत होता, असं पोलीस सांगतात. त्याचा फोन रविवारपासून बंद आहे. त्याला पकडणं पोलिसांचं काम. पण हॉलमधल्या तिसांपैकी एकालाही 'गुहा दाखवा' म्हणावंसं वाटलं नाही, ही जबाबदारी पोलिसांची नाही. पुरावा मागायला भूगर्भशास्त्राची पदवी लागत नाही. आजाऱ्याचं यंत्र कोणी बंद करायला सांगितलं, तर आधी डॉक्टरांना विचारा. दिवा आपोआप विझला, तर हात जोडण्याआधी खिडकी उघडा.

बुधवारी दुपारी चार वाजता डॉ. प्रमोदिनी यांनी वामनरावांचा व्हेंटिलेटर काढून पाहिला. सहा मिनिटं त्यांनी स्वतः श्वास घेतला. मग नळी पुन्हा जोडावी लागली.