एर्मेलिंदाच्या सॉसचा टोप

माझ्या काठाचा एक टवका उडाला आहे आणि पोटावर लोखंडी तारेचे सात टाके आहेत. एवढे सोसूनही मित्रांनो, मी अजून टोपच आहे; मातीचा, जुना, आतून तांबूस काळा पडलेला. नेपल्सच्या पाठीमागच्या डोंगरात पिएत्रास्कुरा नावाचे गाव आहे. तिथल्या एका बंद घराच्या फडताळात मी पालथा पडून आहे. माझी गोष्ट सांगायची तर ती एर्मेलिंदाचीच होते, कारण माझ्यात दुसऱ्या कुणी फारसे रांधलेच नाही.

तुल्लिओ कुंभाराने नदीकाठच्या मातीतून मला घडवले आणि आतून काचेसारखा लेप देऊन दोनदा भाजले. एर्मेलिंदाने लग्नाच्या आठवड्यात मला विकत घेतले. तिचा नवरा सावेरियो गावचा चांभार. हाताचा कसबी, तोंडाचा कंजूष.

दर रविवारी, चर्चची पहिली घंटा व्हायच्या आत ती मला शेगडीवर चढवी. आधी डुकराची चरबी आणि थोडे ऑलिव्हचे तेल. त्यात बारीक चिरलेला कांदा, अगदी मंद आचेवर, विरघळून जाईपर्यंत. मग डुकराच्या बरगड्या, आणि लसूण, पार्स्ली व चीज भरून दोऱ्याने बांधलेल्या गोमांसाच्या गुंडाळ्या. त्यांना चहूबाजूंनी रंग आला की लाल वाइन. वाइन आटली की ऑगस्टच्या उन्हात फळ्यांवर वाळवलेला टोमॅटोचा घट्ट गोळा, एकेक चमचा करून. शेवटी बाटल्यांत भरून ठेवलेला टोमॅटोचा गाळीव रस. मग ती निखारे मागे ओढी आणि झाकणाखाली लाकडी पळी आडवी ठेवी, म्हणजे वाफेला फट राही.

आमच्याकडे म्हणतात, सॉसने उकळायचे नसते, पुटपुटायचे असते. फुद्... फुद्... असा मी सहा-सहा तास पुटपुटत असे. दुपारी बेसिलची पाने हाताने तोडून घातली की वास जिना उतरून रस्त्यावर जाई, आणि चर्चमधून परतणाऱ्या माणसांची चाल मंदावे. नवरीमुलींच्या आया लग्नाच्या पंगतीचा सॉस करायला एर्मेलिंदालाच बोलावत. मी तिच्याबरोबर कापडात गुंडाळून जाई. ते माझे मानाचे दिवस होते.

मुलगी ओर्सोला पाच वर्षांची असताना एका हिवाळ्यात एर्मेलिंदाला मोठा ताप आला. ती वाचली. उठून बसल्यावर पहिल्याच रविवारी तिने मला चढवले, कांदा घातला आणि माझ्यासमोरच उभी राहिली. कांदा तांबूस झाला, मग तपकिरी, मग काळा. ती धुरात डोळे चोळत दुसरीकडेच बघत होती.

"एर्मेलिंदा, जळतंय की गं!" समोरच्या खिडकीतून शेजारीण मिकेलीना ओरडली आणि धावत आली.

एर्मेलिंदाने मला खाली उतरवले. लसणाची पाकळी सोलून तिने करकर चावली. मग अजून एक. मग ती जमिनीवर बसली.

"मला काहीच येत नाहीये, मिकेलीना. ना वास, ना चव. मेण चघळल्यासारखं लागतंय."

"येईल गं परत. तापानंतर होतं असं."

"नाही आलं तर? तू कुणाला सांगू नकोस. सावेरियोला तर मुळीच नाही."

"अगं, नवरा आहे तो तुझा."

"म्हणूनच. त्या माणसाकडे गावात मिरवायला दुसरं आहे काय? माझा सॉस तेवढा आहे."

वास परत आला नाही.

त्या दिवसापासून मिकेलीना दर रविवारी तीनदा आमच्या खिडकीशी येऊ लागली. नाक वर करून हुंगायची आणि हलकेच सांगायची, "कांदा झाला," "वाइन आटली," "आता बेसिल घाल." सावेरियोला यातले काही ठाऊक नव्हते. तो आपला टोमणे मारी.

"मिकेलीना, तुझ्या घरात चूल पेटत नाही का? दर रविवारी तुझं नाक आमच्या खिडकीत."

"घरमालक तूच आहेस का हवेचा?" ती म्हणे. "हुंगल्यानं सॉस कमी होत असेल तर सांग, श्वास सोडून परत देते."

मित्रांनो, हळूहळू एर्मेलिंदा माझा आवाज ओळखायला शिकली. ती झाकणाशी कान नेई. कांद्यातले पाणी संपले की त्याची चरचर बारीक होते. रस आटू लागला की माझे पुटपुटणे जड होते. तळाशी लागायच्या आधी माझा घसा बसल्यासारखा होतो. या सगळ्या खुणा तिने पाठ केल्या. वाफेने तिचा डावा गाल कायमचा लालसर झाला. मीठ ती मुठीने मोजे.

तरीही एक गोष्ट ना कानाला कळत होती ना मुठीला. सॉस झाला कसा? मिकेलीना फक्त हुंगे, ओर्सोला लहान; ते सांगणारा एकच माणूस टेबलावर बसलेला असे. सावेरियो स्पॅगेटी काट्याला गुंडाळून खाई, दुसऱ्यांदा वाढून घेई, पावाच्या तुकड्याने ताट लख्ख पुसून काढी. ती हातातला काटा तसाच धरून त्याच्या तोंडाकडे बघत राही.

"बरा आहे," तो म्हणे. "पण काहीतरी कमी आहे."

त्याचा बाप त्याच्या आईला हेच म्हणत आला होता. बायकोची तोंडावर स्तुती केली की ती शेफारते, असे त्या घरातले शहाणपण. दुकानात हाच माणूस गिऱ्हाइकांना सांगे, की असा सॉस बिशपच्या ताटातसुद्धा पडत नसेल. पण दुकान चौकात होते, आणि एर्मेलिंदा स्वयंपाकघरात.

सोमवारी राखेने मला घासताना ती विचारी, "काय कमी होतं रे? मीठ? वाइन? की मिकेलीनाच्या नाकाला सर्दी झाली होती?" काहीही कमी नव्हते. माझ्या कणाकणात तो सॉस मुरलेला होता, माझ्याइतक्या खात्रीने कोण सांगणार? पण टोपाला सांगता येत नाही.

मग गिरणीवाल्याच्या मुलीचे लग्न ठरले. दोनशे पाने. सॉस एर्मेलिंदाने करायचा. आदल्या रविवारी तिने जीव ओतून रांधले. दोनदा निखारे बदलले. आठवडाभर शिळे ठेवलेले प्रश्न तिच्या डोळ्यांत होते. सावेरियोने ताट पुसले आणि सवयीने म्हणाला, "काहीतरी कमी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गिरणीवर जाऊन नाही म्हणून आली.

"अगं, वेड लागलंय का तुला?" सावेरियो म्हणाला. "सगळं गाव येणार होतं."

"हात दुखतो," ती म्हणाली.

त्यानंतर तिने कुणाच्याही पंगतीसाठी रांधले नाही. त्याच वर्षी मला गरम असतानाच ओल्या दगडावर ठेवले गेले आणि मी तडकलो. सावेरियोने दोन दुपारी दुकान बंद ठेवले. गिरमिटाने माझ्या अंगाला भोके पाडली, तार ओवली, चुना आणि अंड्याचा पांढरा बलक कालवून भेगा भरल्या. त्याची बोटे माझ्यावरून किती जपून फिरत होती! एर्मेलिंदा दारात उभी राहून बघत होती. त्या वेळी तो काहीतरी बोलेल असे मला वाटले. "झालं," एवढेच तो म्हणाला.

अशी अठ्ठावीस वर्षे गेली. ओर्सोला लग्न होऊन दूर उत्तरेकडे तोरिनो शहरात गेली. आणि एका फेब्रुवारीत चार दिवसांच्या दुखण्यात एर्मेलिंदा गेली.

महिनाभर मी शेगडीवर चढलो नाही. मग एका रविवारी सावेरियोने मला खाली काढले. त्याने कांदा जाळला. पुढच्या रविवारी वाइन कच्ची राहिली. तिसऱ्या रविवारी मिकेलीना खिडकीशी आली आणि तिच्या तोंडून सवयीने निघून गेले, "कांदा झाला."

"तुला काय करायचंय?" तो खेकसला. "आता तरी पुरे कर. एवढी वर्षं हुंगून पोट भरलं नाही तुझं?"

मिकेलीना आत आली. खुर्ची ओढून बसली. तिने त्याला सगळे सांगितले: ताप, लसणाच्या पाकळ्या, कान, मूठ. गिरणीवाल्याच्या मुलीचे लग्नसुद्धा.

कांदा काळा पडत गेला आणि दोघांनीही तो उतरवला नाही.

"माझ्या तोंडाकडे बघत बसायची ती," शेवटी तो म्हणाला. "मला वाटायचं, भांडायला बघतेय."

"कळून घ्यायला बघायची."

"काही कमी नव्हतं गं, मिकेलीना. एकदासुद्धा नव्हतं."

"मला काय सांगतोस?" ती म्हणाली. पण तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

पुढच्या रविवारी त्याने नाकपुड्यांत कापूस कोंबला आणि मला चढवले. माझ्या झाकणाशी कान आणला. मी पुटपुटत होतो. त्याला काहीच उमगेना. वाफेचा चटका बसला तरी त्याने गाल मागे घेतला नाही. दुपारी स्पॅगेटी वाढून घेऊन तो कापूस न काढताच जेवला. अर्धे ताट झाल्यावर त्याने काटा खाली ठेवला आणि दोन्ही हातांत तोंड घेतले.

ईस्टरला ओर्सोला आली. तिने आईच्या पद्धतीने सॉस केला. जरा खारट झाला होता, मला माहीत आहे. सावेरियोने पहिला घास घेतला आणि म्हणाला, "छान झालाय, पोरी."

ओर्सोला त्याच्याकडे बघत राहिली. मग उठून माझ्यापाशी आली, पाठ फिरवून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

"हे तुम्हाला म्हणता येत होतं, बाबा?" ती एवढेच म्हणाली.

दोन वर्षांनी तोही गेला. ओर्सोलाने मला धुतले, पुसले, सोबत न्यायला उचलले आणि पुन्हा फडताळात ठेवले. मला तिचा राग नाही. काही भांडी उचलायला फार जड असतात.

मित्रांनो, मातीचा टोप ओल्या दगडावर ठेवू नका, त्याला अचानक आच देऊ नका. पण तो तडकला तरी तारेने शिवता येतो. तुमच्यासाठी रांधून कुणीतरी तुमच्या तोंडाकडे बघत बसले असेल, तर घास गिळायच्या आत सांगा. जेवण आवडले, एवढेच सांगा. त्या माणसाला ते कळण्याचा दुसरा मार्ग नसेलही.