बेरिंग बोलते

आमचे हे गेले तेव्हा मी रडली नाही. तेरवीलेही नाही, नंतरही नाही. नणंद जयवंता तेरवीपासून इथंच मुक्काम ठोकून होती अन् येताजाता माझ्या तोंडाकडे पाहे, चुलीवरचं दूध उतू जाते का पाहावं तशी. "वहिनी, रडून घे वं. आत राहिलं तर बाधते." काय बाधते? मले भूक लागे, झोप लागे. कपडे वाळू घाली, दळण आणी. आतमध्ये काही हालत नव्हतं, एवढंच. रडणं काय नळाचं पाणी आहे, तोटी फिरवली की आलं?

हे खाणीच्या कंपनीत नकाशे काढत. कंपनीचा गोरा साहेब विलायतेले जातानी आपली दोन सीटची लाल एमजी गाडी यांच्या गळ्यात मारून गेला. छत फाटकं, बसायचं तर जमिनीले टेकल्यासारखं. साऱ्या धरमपेठेत तशी गाडी दुसरी नव्हती, अन् तसा आवाजही दुसरा नव्हता. मागच्या काही वर्षांपासून इंजनातून खडखड खडखड येई. गाडी गोकुळपेठेच्या वळणावर असली की इकडे घरात ऐकू ये. गल्लीतले पोट्टे ओरडत, भांडेवाली आली! मले मेल्याहून मेल्यासारखं होई. मी यांच्याशी भांडे, "अहो, मिस्त्रीले दाखवा नं एकदा!" हे हसत. "बेरिंग बोलून राहिली. बोलू दे. तुलेच तर वर्दी देते."

ते काही खोटं नव्हतं. वळणावर खडखड झाली की मी तवा चढवी अन् पहिली पोळी लाटायले घेई. हे पाय धुऊन पाटावर बसत तोवर पोळी टम्म फुगून ताटात. थंडी पोळी यांनी माझ्या हातची कधी खाल्ली नाही.

हे गेल्यावर गाडी अंगणातल्या निंबाखाली तशीच उभी होती. काटोलचे रुपराव, यांचे जुने दोस्त, संत्र्याचा व्यापार करणारे, एक दिवस आले. म्हणाले, "वहिनी, गाडी मी नेतो. तेवढा क्लच घसरते तो पाहून घ्या, अन् तो आवाज काढून टाका बाप्पा. त्या आवाजानं घरचे बसणार नाही तिच्यात."

"न्या," मी म्हटलं. गाडी काय अन् पलंग काय, मले सारं सारखंच होतं.

मंग नत्थू मिस्त्री आला. निंबाच्या फांदीले चेन बांधून त्यानं इंजन वर ओढलं, खोललं, अन् बेरिंगा माझ्या हातावर ठेवल्या. अर्ध्या बांगडीसारखे पत्र्याचे तुकडे. आतली चांदीसारखी झिलई पार गेलेली, खालचं तांबं उघडं पडलेलं.

"म्हणून बोलत होती, बाई. ज्या दांड्यावर ह्या बसते, तो क्रँक पण खाल्ला पाहा. तो खरादवाल्याकडून लेथवर घासून आणतो. नव्या बेरिंगा अँबेसिडरच्याच चालते, दोन्ही इंजनं एकाच खानदानातली."

"आवाज जराही राहिला नाही पाहिजे," मी म्हटलं.

"फिकर नका करू. पुरी मुकी करून देतो."

क्लच बसवायच्या दिवशी तो स्वयंपाकघराच्या दाराशी आला. म्हणाला, "बाई, प्लेट अगदी मधोमध बसली पाहिजे, नाहीतर गिअरबॉक्स आत घुसत नाही. गोल लाकूड आहे काय एखादं?" मी लाटणं काढून दिलं. जयवंतानं कपाळावर हात मारला. "अवं वहिनी! घरचं लाटणं देते काय कोणी?"

"काहून? पोळ्या लाटायच्या कोणासाठी आहे? आपल्याले तर भाकरच चालते."

नत्थूनं चाकूनं लाटण्याचं एक टोक तासलं, प्लेटीच्या भोकातून आत सारलं, प्लेट सरळ उभी राहिली तसे बोल्ट कसले. संध्याकाळी पुसूनबिसून लाटणं परत दिलं. मी ते फळीवर ठेवून दिलं. वाईट वाटायले पाहिजे होतं, पण नाही वाटलं.

गाडी बांधून झाली त्या दिवशी रुपराव काटोलहून बसनं आले. नत्थू म्हणाला, "एक चक्कर मारून आणतो, मंग खुशाल न्या." मी रुपरावांले म्हटलं, "आता जेवूनच निघा." पाहुण्यापुढे भाकर कशी ठेवू? इतक्या दिवसांनी कणीक मळली. भाजी झाली, वरण झालं. उंडा करून हातात घेतला अन् उभी राहिली. म्हटलं, नत्थू वळणावर आला की तवा चढवू, पोळी गरम पडली पाहिजे.

उभी आहे, उभी आहे. वळणावर काहीच नाही. मेला हा नत्थू गेला तरी कुठं? मुद्दाम दूर नेली काय गाडी? उंडा हातातच सुकायले लागला.

जयवंता आत आली. "काय करून राहिली वं? नत्थूभाऊ केव्हाचा हात धुऊन बसला. वाढ नं!"

मी लाटणं हातात घेऊन तशीच बाहेर आली. गाडी निंबाखाली उभी होती.

"कधी आली रे?"

"केव्हाचीच, बाई."

"मले ऐकू नाही आली."

नत्थूची बत्तीशी दिसली. "मंग! म्हटलं होतं नं, पुरी मुकी करतो!"

"नत्थू," मी म्हटलं, "त्या जुन्या बेरिंगा परत टाक तिच्यात."

रुपराव खुर्चीतून उठले. नत्थूले आधी वाटलं मी मजाक करून राहिली. मंग त्याचं हसू गेलं.

"कशा टाकू, बाई? क्रँक घासला नं. बारीक झाला तो. जुन्या आता बसतच नाही त्याच्यावर. तो आवाज आता नाही येत."

मी पायरीवर बसली. अन् मंग जे रडू आलं, बाप्पा, सारी गल्ली गोळा झाली. मले कोणाची लाज वाटली नाही. तासलेलं लाटणं छातीशी धरून मी गुरासारखी हंबरून राहिली होती. जयवंता धावत आली, मले गदागदा हालवलं.

"काय झालं वं वहिनी? सौदा मोडला काय?"

"नाही वं," मी म्हटलं. "हे नाही येत आता जेवायले."