सहा वाजताची सही

घरपट्टीचं बिल पुन्हा दारात येऊन पडलं आणि छबूबाईचं डोकंच फिरलं. आगीशी लढताना गेलेल्या जवानाच्या बायकोला घरपट्टी माफ, असा ठराव नगरपालिकेनेच केलेला. वर पेढेही वाटलेले! अन् दोन वर्षं झाली, कळसाडी गावची ही लेक पालिकेचा जिना चढउतर करतेय. आज मृत्यूचा दाखला, उद्या वारसाचा, परवा साहेबच नंदुरबारला. आता नवंच कारण निघालं होतं आणि ते ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिचा नवरा भाईदास म्हणे ड्युटीवर असताना मेलाच नाही.

का, तर कापसाच्या जिनिंग मिलला आग लागली संध्याकाळी सात वाजता आणि हजेरीपत्रकात त्याची सुटल्याची सही सहाची. अरे, पण ती सही त्याने सकाळीच करून ठेवलेली! बंबावरचे सगळेच तसं करत. करतील काय? हजेरीपत्रक कारकून अजितच्या कपाटात आणि कपाटाला कुलूप साडेपाचला. त्या दिवशी बदलीचा माणूस आला नाही, म्हणून भाईदास थांबला आणि बंब घेऊन गेला. अजितला हे सगळं ठाऊक. तरी हा बाबा त्या सहीवर बोट ठेवून बसलेला.

घरपट्टी गेली खड्ड्यात, ती तिने भरलीही असती. पण सुट्टी झालेली असताना आपला माणूस उगाच आगीत घुसला, असं कागदावर कायमचं राहावं, हे तिला सोसवत नव्हतं.

अकराच्या सुमाराला ती पालिकेत पोचली. अजितने जुनं हजेरीपत्रक काढून तीच सही दाखवली. शेजारी आजचं पत्रक उघडं पडलेलं होतं. छबूबाईने ते ओढून घेतलं आणि अजितचं नाव शोधलं. नावापुढे सकाळची सही होती, संध्याकाळचीही होती.

"भाऊ, सांजनी सही करीसन तुम्ही तं कव्हयच घर निंघी गयात," ती शांतपणे म्हणाली. "मंग ह्या खुर्चीवर कोन बठेल शे?"

अजितने ते उघडं पत्रक मिटलं. त्याने तिचा अर्ज काढला, शेरा लिहिला आणि आत जाऊन साहेबांची सही घेऊन आला. 'कर्तव्यावर असताना मृत्यू.' तिने एकेका अक्षरावर बोट फिरवत तो दोनदा वाचला आणि तिथल्याच बाकावर बसली. दोन वर्षं ती नुसती भांडतच होती. आज कुठे तिला रडू फुटलं.