गिअरच्या मुठीला कार्बन फायबर

मित्रांनो, मी एक जुनी गिअरची मूठ आहे. जुनी म्हणवून घ्यायची मला लाज वाटत नाही. ज्यांना वाटली, त्यांच्यामुळेच मला आज तोंड उघडावे लागत आहे.

माझा जन्म काळ्या प्लॅस्टिकच्या दाण्यांतून झाला. दाणे वितळले, साच्यात गेले आणि मी गोल गरगरीत होऊन बाहेर पडले. माझ्या डोक्यावर पांढऱ्या रेघांत एक ते पाच आकडे आणि मागे जाण्याचा आर कोरण्यात आला. कोण कुठे जाणार हे इतक्या स्पष्टपणे डोक्यावर लिहून घेऊन जन्मणारे जगात थोडेच. माणसांच्या बाबतीत ही सोय असती, तर पुष्कळ लग्ने टळली असती.

माझी गाडी काष्टीच्या गुरांच्या डॉक्टरांनी, रखमाजी अण्णांनी घेतली. अण्णांच्या तळहाताला डेटॉलचा आणि गोठ्याचा वास एकदमच यायचा. ते मला दाबत नसत, आवळत नसत. नुसते बोट लावले की मला कळायचे. अडलेली गाय सुटली की शेतकरी गाडीच्या टपावर थाप मारून म्हणत, "डाक्टर, गाडी न्हाई, घोडी हाय ही!" ती थाप टपाला बसे, पण मान ताठ माझी होई.

पुढे अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्यांनी गाडी नगरच्या सावेडीत राहणाऱ्या लेकीला, जयाला दिली. किल्ली तिच्या हातात ठेवून म्हणाले, "तुला दिलीय. चालव." जयाने किल्ली मुठीत घट्ट धरली. पण परतीच्या वाटेवर नगर येईपर्यंत ती किल्ली जावयाच्या खिशात गेलेली होती. कशी गेली ते कोणालाच सांगता येणार नाही. अशा गोष्टी आवाज न करता होतात.

जावई म्हणजे प्रा. प्रवीणराव. कॉलेजात कॉमर्स शिकवतात आणि नावाआधीचा 'प्रा.' गॅसच्या पावतीवरही सोडत नाहीत. त्यांचा तळहात कायम घामट. गिअर टाकताना मला असे आवळतात, जणू मी पळून जाणार आहे. गेलेही असते.

जयाने रीतसर क्लास लावून लायसन काढले. त्यानंतर दर रविवारी ती विचारायची, "अहो, आज मी चालवू?" आणि उत्तर तयार असायचे. क्लच जळेल. वर्दळ फार आहे. आधी सोसायटीत हात बसू दे. सोसायटीत म्हणजे गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत. तेवढ्यातही ती गिअर टाकण्याआधी प्रत्येक वेळी माझ्या डोक्याकडे बघून घ्यायची. तिचा हात हलका होता, अण्णांसारखा. फक्त तिला अजून वाचून खात्री करावी लागे.

मार्चमध्ये अण्णांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली. सोमवारी त्यांना नगरला आणायचे होते. ते फोनवर म्हणाले, "जया, तूच ये न्यायला." जयाने 'येते' म्हटले आणि नवऱ्याला तसे सांगून टाकले, परवानगी न मागता. प्रवीणराव 'बघू' म्हणाले. आणि शनिवारी घरी एक रोल आला.

मित्रांनो, शर्यतीच्या गाड्यांचे वजन कमी व्हावे म्हणून त्यांना कार्बन फायबर वापरतात. या रोलमधल्या प्लॅस्टिकच्या फिल्मवर त्या कार्बन फायबरच्या विणीचा फोटो छापलेला होता आणि मागे गोंद. थोडक्यात, प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक चिकटवून गाडीचे वजन वाढवायचे, की ती हलकी दिसते. प्रवीणरावांनी मोबाईलवर 'घरच्या घरी'चे व्हिडिओ पाहिले होते. ते पाहिल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर इंजिनिअरचे तेज आले होते.

रविवारी त्यांनी जयाचा हेअर ड्रायर घेतला, एटीएम कार्ड घेतले आणि गाडीत शिरले. प्रथम त्यांनी आम्हा सर्वांना डॅशबोर्डच्या पॉलिशने तुकतुकीत पुसले. तेलकट पॉलिशवर गोंद धरत नाही, हे कुठल्याही लग्नघरातल्या फुगे लावणाऱ्याला ठाऊक असते. मग त्यांनी डॅशबोर्डची पट्टी मढवली. तिच्यात चारी दिवे लुकलुकवणारे लाल त्रिकोणाचे बटण होते, तेही आत घेतले. भोक पाडले की म्हणे लुक जातो.

शेवटी मी. गोल वस्तूवर सपाट कागद बसवणे ही काही चेष्टा नाही. ड्रायरचे गरम वारे, वर एटीएम कार्डाचे घासणे. माझ्या डोक्यावर मोदकासारख्या पाकळ्या आल्या, त्या त्यांनी दाबून दाबून चेपल्या. फिल्मवरचा पातळ पारदर्शक पापुद्रा शेवटी काढून टाकायचा असतो. तो त्यांनी राखला. या घरातल्या सोफ्यावर आणि टीव्हीच्या रिमोटवरही तो अजून आहेच.

शेजारचे कल्याण डोकावले. "सर, काय लुक आलाय! विमानात बसल्यागत वाटतंय."

"मोटरस्पोर्ट फिनिश," प्रवीणराव म्हणाले.

जया खाली आली. तिने मला पाहिले. "अहो, आकडे कुठं गेले?"

"आकडे नवशिक्याला लागतात."

"मीच नवशिकी आहे ना."

"म्हणून तर. उद्या मीच येतो. मला पाठ आहेत."

हे त्यांनी मुद्दाम केले का, यावर मी पुष्कळ विचार केला. मुद्दाम करायला जी अक्कल लागते तिचा पुरावा मला गाडीत कधी मिळालेला नाही.

सोमवारी उन्हाने गाडी तव्यासारखी तापली. दौंड रोडला आमच्या पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर होता, मागे ट्रक. कोळगावच्या अलीकडच्या चढावर ट्रॅक्टर दमला. प्रवीणरावांनी मला तिसऱ्यातून दुसऱ्यात ओढले. खाली पॉलिश सुटलेले, वर घामट हात. अंगावरची फिल्म टोपीसारखी फिरली आणि मी जागच्या जागी राहिले. गाडीने एक आचका दिला आणि बंद पडली. प्रवीणरावांच्या हातात माझे मोटरस्पोर्ट फिनिश होते.

मागच्या ट्रकने हॉर्न लावला. गाडी बोटभर मागे सरकली. जयाने वाकून हँडब्रेक ओढला.

"चारी लाइट लावा!"

प्रवीणराव पट्टीवर आंधळ्यासारखे चाचपू लागले. बटण सापडेना. मग पुन्हा चावी मारली आणि माझ्यावर जोर केला. गाडी उडाली, पुन्हा बंद. दोनदा.

"उतरा," जया म्हणाली.

"इथं? चढावर? तुला जमणार आहे का?"

"तुम्हाला जमलंय का?"

ते उतरले. जया इकडे स्टिअरिंगमागे येऊन बसली, नखाने माझ्या मानेभोवती उरलेली चिंधी सोलली आणि माझ्या डोक्याकडे पाहिले. तिने चावी फिरवली. पहिल्यांदा गाडी तिच्याही हातून बंद पडली. मागच्या ट्रकचा क्लीनर ओरडला, "ताई, दमानं! आमी थांबलोय. अर्धा क्लच सोडा अन् मग ब्रेक!"

तिने अर्धा क्लच सोडला. गाडी थरारली. हँडब्रेक खाली गेला. आम्ही चढलो, मित्रांनो. दुसरा गिअर टाकताना तिने बघितले, तिसरा टाकताना बघितले आणि काष्टीच्या बाजारतळापाशी चौथा टाकताना बघायचे विसरली. डावीकडच्या सीटवरून "क्लच, क्लच" असा जप चालू होता. आम्ही दोघींनी तो ऐकला नाही.

अण्णा पिशवी घेऊन दारातच बसले होते. समोरचे त्यांना धुरकट दिसत होते. गाडी थांबली तसे त्यांनी विचारले, "कोणी आणली?"

"आम्ही दोघांनी," प्रवीणराव डावीकडच्या खिडकीतून म्हणाले.

अण्णांनी चाचपत मागचे दार उघडले, आत सरकले आणि बाजूच्या सीटवर हात थोपटला.

"प्रवीणराव, तुमी मागं या माझ्याजवळ. पुढं बसलात की तुमी तिला शिकवनार, अन् मला आज डोळा करून घ्यायचाय."

प्रवीणराव मागे जाऊन बसले.

मित्रांनो, तुमच्या घरीही असा एखादा रोल आला असेल, तर तो माळ्यावर टाका. आम्हा वस्तूंना नवी कातडी नको असते. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा. आणि गाडी जिला दिली आहे, तिच्या हातात किल्ली राहू द्या.